काय काय उघडलं होतं?

"आत्ताच तर गॅरेजमधून आणली, आता पुन्हा काय तपासायचं?" दुरुस्तीनंतर गाडी एकदा बघून घ्या, असं सांगितलं की बहुतेक जण हेच विचारतात. विचारण्यात चूक काहीच नाही. ऑइल नवं आहे, चेन ताणलेली आहे, वर गाडी धुऊन-पुसून दिली आहे. शिवाय मिस्त्रीला जे कळतं ते आपल्याला कुठे कळतं?

उत्तर जरा उलटं वाटेल. जी गाडी काल तुम्हाला सिलतराहून बीरगांवला सुखरूप घेऊन आली, तिचे नटबोल्ट भार सोसतात हे काल सिद्ध झालं. आज गॅरेजात जे चाक उतरवून पुन्हा बसवलं, त्याबद्दल अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. ते होणार रस्त्यावर, तुम्ही वर बसलेले असताना. म्हणून ज्या गाडीला कुणी हातही लावला नाही तिच्यापेक्षा नुकत्या दुरुस्त झालेल्या गाडीवर जास्त संशय घ्यावा. मिस्त्रीच्या हुशारीशी याचा फारसा संबंध नाही.

या प्रकरणासाठी बीरगांव समोर ठेवलं आहे. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्याला लागूनच असलेलं हे गाव. आता त्याची स्वतःची महानगरपालिका आहे. शेजारी उरलाची औद्योगिक वसाहत, पुढे सिलतरा. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, आणि त्यांना कच्चा माल पुरवणारे नि तयार माल नेणारे ट्रक. रायपूर-भिलाईच्या या पट्ट्यात विदर्भातून आलेली मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या अनेकांची सकाळ दुचाकीला किक मारूनच सुरू होते. इथे गाडी गॅरेजात जाते ती पाळी संपल्यावर आणि परत हवी असते ती दुसऱ्या पाळीच्या आधी. अंधार पडलेला असतो, गॅरेजात एक बल्ब असतो, मिस्त्री हात पुसत म्हणतो, "हो गया भैया, चला के देख लो." आपण चालवून बघतो, म्हणजे थेट घरी जातो.

१. सोडायची रीत एक, जोडायच्या हजारो

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं ५३९० क्रमांकाचं विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. सतरा हजार फुटांच्या वर कॅप्टनसमोरची काच सुटून उडाली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, आणि आश्चर्य म्हणजे कॅप्टन वाचले.

ती काच जुनी, झिजलेली नव्हती. उड्डाणाच्या २७ तास आधीच बदललेली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट जाडीला कमी होते आणि उरलेले ६ लांबीला. जाडीतला फरक एक मिलिमीटरसुद्धा नव्हता. रात्रपाळीतल्या अनुभवी माणसाने जुना बोल्ट हातात धरून तसाच दिसणारा नवा उचलला होता. आणि काम झाल्यावर दुसऱ्या माणसाने ते तपासलंच पाहिजे, असा नियम त्या कामाला लागू नव्हता.

जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने माणसांच्या चुकांचा आयुष्यभर अभ्यास केला. दुरुस्तीत चुका का होतात हे सांगताना ते एक साधं उदाहरण देत. एका बोल्टवर ओळीने आठ नट चढवलेले आहेत आणि प्रत्येकावर अक्षर कोरलेलं आहे. ते काढायची रीत एकच, बाहेरचा आधी. परत घालायच्या रीती किती? आठ गुणिले सात गुणिले सहा असं एकपर्यंत करत गेलं की उत्तर येतं ४०,३२०. त्यातली बरोबर फक्त एक.

आपल्या गाडीच्या मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलवर आठ नट नसतात, पण कॉलर, चेन ताणायचा अ‍ॅडजस्टर, वॉशर आणि नट एवढे चार तुकडे तरी धरा. ४ × ३ × २ × १ म्हणजे २४ रचना. त्यातल्या बऱ्याच बसणारच नाहीत. त्यांची चिंता नको. चिंता त्या एक-दोन रचनांची, ज्या चुकीच्या असूनही छान बसतात.

कारखान्यातही हे चुकत नाही असं नाही. २०१९ मध्ये रॉयल एनफील्डने सुमारे ७,००० बुलेट परत बोलावल्या होत्या, त्या ब्रेक कॅलिपरच्या बोल्टासाठी. तिथे ते सापडलं, कारण तपासणारी दुसरी माणसं होती. गल्लीतल्या गॅरेजात दुसरा माणूस म्हणजे तुम्ही.

२. बिल कशासाठी वाचायचं

बिल आपण आकडा बघायला वाचतो. ते उघडलेल्या जागा शोधायला वाचावं. कारण सगळी गाडी तपासायला आपल्याकडे वेळ नसतो, आणि जिथे पाना लागलाच नाही तिथे नव्याने बिघडण्याची शक्यताही कमी. मनात तीन गोष्टी मांडायच्या : जे दुरुस्त केलं ते, तिथे पोचायला वाटेतलं जे काढावं लागलं ते, आणि काम करताना ज्याला धक्का लागू शकतो ते.

मागचं पंक्चर घ्या. बिलावर एकच ओळ, 'पंक्चर'. पण ट्यूबवाल्या टायरसाठी चाक उतरवलं असेल तर ब्रेकचा रॉड सुटला, ब्रेक प्लेटची पट्टी सुटली, अ‍ॅक्सल बाहेर आला, चेनचा ताण बदलला. म्हणजे शंभर-सव्वाशे रुपयांच्या कामात गाडी थांबवणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या दोन्ही यंत्रणा उघडल्या गेल्या. उलट इंजिन ऑइल बदललं तर बिल मोठं, पण उघडलं काय? खालचा ड्रेन बोल्ट आणि वरची डिपस्टिक. तिथे ऑइल ठिबकतंय का आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का, एवढं पाहिलं की झालं. रात्री इंजिनखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी कागद कोरा असला म्हणजे बोल्ट नीट बसला. (डिपस्टिक आटे फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे कंपनीनुसार बदलतं. चुकीच्या रीतीने मोजलं तर पातळीही चुकीचीच दिसणार. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात ते लिहिलेलं असतं.)

कार्बोरेटर साफ केला असेल तर पेट्रोलच्या नळीचं टोक आणि त्यावरची छोटी क्लिप. गाडी थांबलेली असताना पेट्रोलचा वास येत असेल तर चावीला हातही लावू नका. बॅटरी काढली असेल तर तिच्या दोन्ही तारांचे स्क्रू.

बिलावर नसलेलं कामही विचारून घ्यावं. "भैया, और क्या क्या खोला था?" हा प्रश्न तक्रारीच्या सुरात विचारायचा नाही, नुसता विचारायचा. मिस्त्री बोट दाखवत सांगतो, आणि सांगता सांगता त्यालाच एखादा न आवळलेला स्क्रू आठवतो.

३. मागचं चाक, जवळून

सर्वांत जास्त वेळा उघडलं जाणारं आणि सर्वांत कमी पाहिलं जाणारं ठिकाण हे. म्हणून इथे जरा रेंगाळू.

गाडी मेन स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये टाका आणि बाजूला उकिडवे बसा. पहिली नजर अ‍ॅक्सलच्या नटावर. नटाबाहेर अ‍ॅक्सलचे दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. काही गाड्यांत नटाला खाचा असतात आणि अ‍ॅक्सलला आडवं भोक. त्यातून कॉटर पिन घालून तिची टोकं दुमडलेली असतात. नट ढिला झाला तरी पिन त्याला निसटू देत नाही. पिन तुटकी, सरळ किंवा गायब असेल तर तिथेच थांबायचं. नवी पिन काही रुपयांना मिळते आणि जुनी पुन्हा वापरायची नसते, कारण वाकवून सरळ केलेली तार पुढच्या वेळी तिथेच तुटते. इतर गाड्यांत आतून नायलॉनची कडी असलेला नट येतो. तोही पुन्हा पुन्हा काढघाल केली की पकड सोडतो.

आता ब्रेक प्लेट. ड्रम ब्रेकच्या चाकात ब्रेक शू ज्या गोल प्लेटवर बसवलेले असतात, ती प्लेट स्थिर राहायला हवी. फिरायचं ते फक्त चाकाने. ब्रेक दाबला की फिरतं चाक त्या प्लेटलाही आपल्याबरोबर ओढू पाहतं. जात्याची खालची तळी नीट रोवलेली नसेल तर दळताना वरच्या तळीबरोबर तीही फिरायला लागते, तसंच हे. प्लेटला रोखून धरते ती एक लोखंडी पट्टी. तिचं एक टोक प्लेटला, दुसरं चिमट्याला, म्हणजे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या मागच्या दांड्यांना, बोल्टाने जोडलेलं असतं. घाईत हा बोल्ट नुसता हाताने फिरवून सोडला जाऊ शकतो. गाडी चालते, ब्रेकही लागतो, हळू वेगात काही कळत नाही. पण जोराचा ब्रेक लागला आणि पट्टी सुटली तर प्लेट फिरते, रॉड वाकतो आणि चाक जाम होऊ शकतं. म्हणून पट्टीची दोन्ही टोकं बोटांनी हलवून बघा. मुळीच हलता कामा नये. पुढच्या ड्रम ब्रेकला बऱ्याचदा अशी पट्टी नसते. तिथे प्लेटच्या खाचेत फोर्कचा उंचवटा बसतो. तो बसला आहे का, हे वाकून डोळ्यांनी बघावं लागतं.

मग चेन. चिमट्याच्या दोन्ही टोकांना अ‍ॅडजस्टरजवळ रेषा आखलेल्या असतात. डावीकडे अ‍ॅडजस्टर तिसऱ्या रेषेवर असेल तर उजवीकडेही तिसऱ्याच. एक रेष पुढेमागे म्हणजे चाक तिरकं. गाडी एका बाजूला ओढते आणि चेन-स्प्रॉकेट एकाच अंगाने झिजतं. चेनचा ढिलेपणा खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या मध्यावर बोटाने वरखाली करून बघायचा. बहुतेक साध्या गाड्यांत तो एकूण २० ते ३० मिलिमीटर असावा लागतो, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा. पूर्ण चेनकव्हर असेल तर त्याला रबरी बूच असतं, ते काढून बघता येतं. चाक थोडं थोडं फिरवत तीन-चार ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सर्वांत ताठ लागते तिथलं माप खरं धरायचं.

ढिली चेन उतरू शकते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फार ताणलेल्या चेनकडे मात्र कुणी लक्ष देत नाही, उलट 'टाइट करून दिली' म्हणून बरं वाटतं. गाडीवर दोघं बसले की मागचं चाक वर येतं आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच ताठ असेल तर तो ताण जातो गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर.

शेवटी चेन लॉक. चेनचे दोन शेवट जोडणाऱ्या कडीवर माशासारख्या आकाराची एक चपटी क्लिप असते. तिची एक बाजू बंद, दुसरी उघडी. बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवी, म्हणजे कशाला घासली तरी क्लिप निसटत नाही. चेनचा वरचा पदर पुढे धावतो. तेव्हा क्लिप वरच्या पदरात असताना तिचं बंद तोंड हँडलकडे असलं पाहिजे, खालच्या पदरात मागच्या दिव्याकडे. बघायला पाच सेकंद लागतात, आणि उलटी बसवलेली क्लिपसुद्धा दिसायला अगदी व्यवस्थित दिसते.

४. ब्रेक, गाडीवर बसण्याआधी

डिस्क ब्रेकचे पॅड बदलले की आतला पिस्टन मागे ढकललेला असतो. त्यामुळे लिव्हर पहिल्यांदा दाबला की तो सरळ हँडलच्या ग्रिपला टेकतो आणि ब्रेक लागतच नाही. दोन-चार वेळा दाबल्यावर पिस्टन पुढे येतो आणि लिव्हर घट्ट होतो. हे मिस्त्रीने करून द्यायला हवं. दिलं नसेल तर पहिल्याच चौकात कळतं. म्हणून गाडी जागेवरून हलवण्याआधी लिव्हर दाबायचा. तो दाबून धरला आणि हळूहळू आत जात राहिला, किंवा स्पंजासारखा मऊ लागला, तर नळीत हवा आहे किंवा कुठून तरी ब्रेक ऑइल झिरपतंय. अशी गाडी घ्यायची नाही.

ड्रम ब्रेकमध्ये लिव्हर किंवा पेडल थोडं मोकळं फिरून मग पकडायला हवं. पुढच्या लिव्हरच्या टोकाशी ही मोकळी चाल साधारण १० ते २० मिलिमीटर, मागच्या पेडलला २० ते ३०. मोकळी चाल अजिबात नसेल तर ब्रेक सतत घासत राहील. स्टँडवर चाक हाताने फिरवून सोडा; दोन-तीन फेरे घेऊन थांबलं तर ठीक, लगेच अडलं तर घासतंय. मागच्या ब्रेकला हात लागला असेल तर पेडल दाबून मागचा लाल दिवा पेटतो का बघा. पेडलचं अंतर बदललं की दिव्याच्या स्विचचंही बदलतं, आणि ते जुळवायचं बऱ्याचदा राहून जातं. तुमच्या मागे ट्रक असताना हा दिवा किती मोलाचा, ते बीरगांवच्या माणसाला सांगायला नको.

१ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक, म्हणजे सीबीएस, आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. जोडब्रेकात मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. चाक काढताना ही जोडणारी केबल सुटते आणि कधी कधी तशीच राहते. एकाने मागून दाब देऊन पुढचं चाक उचलावं, दुसऱ्याने ते फिरवत मागचा ब्रेक दाबावा. चाक अडखळलं पाहिजे. एबीएसच्या गाडीत चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी चालू लागली की विझतो. विझला नाही तर चाकाजवळच्या सेन्सरकडे कुणीतरी बघायला हवं.

धुलाईचंही एक. ड्रममध्ये पाणी गेलं की पहिले काही ब्रेक फुकट जातात. आणि टायर काळे चमकवायला जो स्प्रे मारतात, त्याचा फवारा डिस्कवर किंवा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यावर पडला तर सगळी दुरुस्ती वाया. माझं मत विचाराल तर टायर चमकवणं बंदच करायला सांगावं. टायर चमकवून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

हे सगळं कशासाठी, ते एका हिशेबात बघू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर गाडी ११ मीटर तशीच जाते. मग चांगल्या ब्रेकने, कोरड्या रस्त्यावर ती आणखी साधारण १२ मीटरांत थांबते. एकूण २३. आता दुरुस्तीत काही राहिलं आणि ब्रेकची ताकद निम्मी झाली असं समजा. पहिले ११ मीटर तेच, पुढचे १२ मात्र २५ होतात. एकूण ३६. हे वाढलेले तेरा मीटर म्हणजे एका लांब ट्रकपेक्षा जास्त अंतर. वेग ६० असेल तर नुसतं ब्रेकनंतरचं अंतर २८ वरून ५६ मीटरांवर जातं.

५. हँडल आणि केबल

इंजिन सुरू करून, गाडी जागेवरच ठेवून, हँडल पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनाचा आवाज तसाच राहायला हवा. एका बाजूला वळवताच तो वाढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे. वळणावर गाडी आपोआप पळेल. ग्रिप पिळून सोडली की ती फटकन मागे आली पाहिजे, हळूहळू सरकत नव्हे. हेडलाइट किंवा टाकी काढली असेल तर ही तपासणी चुकवू नका, कारण त्याच वाटेने केबली जातात आणि परत ठेवताना कुठेतरी चेपल्या जातात.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बदलला असेल तर पुढचं चाक उचलून हँडल अलगद ढकला. आपल्या वजनाने ते एका बाजूला जाऊन पडायला हवं. मधेच अडकलं तर जास्त आवळलं गेलंय, आणि अशी गाडी हळू वेगात सरळ चालत नाही, डुलत राहते.

६. काळी धूळ

इथवरचं सगळं पुण्यातल्या किंवा अकोल्यातल्या गाडीलाही लागू. बीरगांवच्या गाडीचं एक जास्तीचं आहे.

स्पंज आयर्न म्हणजे लोहखनिज कोळशाबरोबर भट्टीत तापवून, न वितळवता, त्यातला ऑक्सिजन काढून केलेलं सच्छिद्र लोखंड. त्याची आणि कोळशाची बारीक पूड उरला-सिलतराच्या हवेत असते. गच्चीवर, खिडकीच्या कठड्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर ती बसते, तशी गाडीवरही. एक छोटा प्रयोग करा. चुंबक कागदात गुंडाळून चेनकव्हरवरच्या कोरड्या धुळीवरून फिरवा आणि कागद बघा. त्यावर बारीक काळे केस उभे राहिलेले दिसतील. ते लोखंडाचे कण.

आता हे कण नटाच्या आट्यांत गेले की काय होतं बघा. मिस्त्री पाना फिरवतो, पाना जड होतो, त्याला वाटतं नट आवळला. खरं तर त्याचा जोर आट्यांतल्या कचऱ्याशी झटण्यात गेलेला असतो आणि नट पूर्ण दाबलाच गेलेला नसतो. थोडं चालल्यावर, हादऱ्यांनी कचरा दळला जातो आणि नट सैल पडतो. म्हणजे पाना जड लागणं ही आवळल्याची खात्री नव्हे. त्यावर उपाय साधा आहे : नट चढवण्याआधी आटे तारेच्या ब्रशने आणि फडक्याने पुसून घ्यायला सांगायचं. कुणी हसलं तर हसू द्यावं.

चेनलाही तेच. ओल्या ग्रीसवर ही पूड चिकटते आणि ग्रीसचा खरखरीत लेप तयार होतो, जो चेन झिजवतो. चेनला तेल लावल्यावर बाहेरचं जास्तीचं पुसून काढायचं. तेल कड्यांच्या आत हवं, वर नको. एबीएसचा सेन्सर मुळात चुंबकाच्या तत्त्वावर चालतो, त्यामुळे त्याच्या तोंडाशी लोखंडाची पूड जमू शकते. चाक उघडलेलंच असेल तेव्हा तो पुसून घेणं सोपं.

या कारखान्यांत काम करणाऱ्यांना एक युक्ती माहीत असते, ती गाडीवर मात्र वापरलेली दिसत नाही. यंत्राचा महत्त्वाचा नट आवळला की त्यावरून खालच्या धातूपर्यंत पेंटने एक सलग रेष ओढतात. रेष तुटली, म्हणजे नट फिरला. घरातल्या नेलपॉलिशने अ‍ॅक्सल, ब्रेकची पट्टी आणि कॅलिपरच्या बोल्टांवर अशा रेषा ओढा. मग पुढचे कित्येक दिवस तपासणी म्हणजे नुसती खाली एक नजर.

७. पहिला फेरा कुठे मारायचा

बिलासपूर रस्त्यावर तर नक्कीच नाही. गॅरेजच्या मागची गल्ली बघा, जिथे मुलं खेळत नसतील आणि ट्रक येत नसतील. दिवस असला तर उत्तम. पाळी आडवी येत असेल तर रात्री गाडी ताब्यात घेऊन सकाळी तपासण्यापेक्षा सकाळीच ताब्यात घेतलेली बरी, कारण मिस्त्री समोर असतो. हेल्मेट घाला, फेरा दोनशे मीटरचा असला तरी.

आधी चालण्याच्या वेगात, दोन्ही पाय जमिनीजवळ ठेवून, फक्त पुढचा ब्रेक. मग फक्त मागचा. मग वीसच्या वेगात दोन्ही. नवे पॅड किंवा शू सुरुवातीला कमी पकडतात. पूर्ण पृष्ठभाग टेकायला थोडे दिवस लागतात, तोवर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवायचं. सरळ रस्त्यावर हँडल अगदी सैल धरून गाडी एका बाजूला ओढते का बघा. गिअर बदलताना क्लच पूर्ण सुटतो का, आणि नवा आवाज कुठला. जुने आवाज तुमच्या ओळखीचे असतात. आज नव्याने आलेला खडखडाट लक्षात ठेवायचा.

परत आल्यावर उतरून दोन्ही चाकांच्या हबजवळ हात न्या. लगेच टेकवू नका, डिस्क तापलेली असू शकते. एकाच चाकातून जास्त धग येत असेल तर तिथला ब्रेक घासतोय. मग दोन-तीन दिवसांनी, गाडी थंड असताना, उघडलेल्या जागांच्या नटांवर पुन्हा एकदा पाना लावून बघा. स्पोक बदललेले असतील तर ती चाकं पुन्हा दाखवायचीच, कारण नवे स्पोक भार पडल्यावर जागा घेतात आणि ढिले होतात.

८. मिस्त्रीशी बोलणं

आपल्याकडे तपासणं म्हणजे अविश्वास, असा एक समज आहे. विमानाच्या हँगरात महत्त्वाच्या कामाखाली दुसऱ्याची सही लागते तेव्हा तिथे कुणाला अपमान वाटत नाही. गॅरेजात तो वाटतो, म्हणून जरा जपून. गाडी देतानाच सांगावं, "मैं सुबह आके तुम्हारे सामने देख लूंगा." आयत्या वेळी वाकून बघायला लागलं की वाद होतो, आधी सांगितलं की मिस्त्रीही थोडं जास्त लक्ष घालतो. बदललेले जुने भाग परत मागून घ्या. जुना पॅड हातात आला की नवा खरंच घातलाय हे कळतं आणि जुना कसा झिजला होता तेही दिसतं. एकच बाजू झिजलेली असेल तर कॅलिपर अडकतोय, आणि नुसते पॅड बदलून भागणार नाही.

चूक सापडली तर बहुतेक वेळा पाच मिनिटांत, हसत-बोलत दुरुस्त होते. ज्या वेळी होत नाही, त्यासाठी कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्तीतली कसूर ही सेवेतली त्रुटी ठरते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार नोंदवता येते. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. त्यासाठी हातात बिल हवं. गल्लीतल्या गॅरेजात छापील बिल मिळत नसेल तर वहीच्या कागदावर तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटरचा आकडा आणि काय काय उघडलं एवढं लिहून मिस्त्रीची सही घ्या. पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या गॅरेजात गेली, तर तिथल्या माणसाला हाच कागद आधी दाखवायचा.